घटक ४ : व्यसन आणि मनोविकार – दोन शब्द, एक रुग्ण, एकत्र उपचार

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :

१. ‘व्यसन’ आणि ‘वेड’ या शब्दांच्या अर्थच्छटा व त्यांतून घडणारी सामाजिक दृष्टी स्पष्ट करता येईल.
२. व्यसनाधीनता व मनोविकार एकाच व्यक्तीत एकत्र का आढळतात, हे सांगता येईल.
३. क्रमवार, समांतर आणि एकात्मिक या तीन उपचारपद्धतींतील भेद विशद करता येईल.
४. महाराष्ट्र, गोवा व विशेषतः वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करता येईल.
५. रुग्ण व त्याचे कुटुंबीय यांच्याशी बोलताना कोणती भाषा उपकारक ठरते, याचे विवेचन करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषा आणि समाज यांच्या संबंधाचा सामान्य परिचय करून घेतला. समाज आपल्या गरजेनुसार शब्द घडवतो. परंतु एकदा रूढ झालेले शब्द पुढे समाजाच्या विचारालाही वळण लावतात, हे आपण तेथे पाहिले. प्रस्तुत घटकात हेच तत्त्व आपण जीवन-मरणाशी निगडित अशा एका प्रश्नाला लावून पाहणार आहोत.

मनोविकार आणि व्यसनाधीनता ही दोन दुखणी अनेकदा एकाच माणसात वस्तीला असतात. तरीही आपल्या बोलण्यात ‘दारुडा’ वेगळा आणि ‘वेडा’ वेगळा. या दोन शब्दांच्या दोन दारांवर रुग्ण हेलपाटे घालत राहतो. एका दारावर त्याला सांगितले जाते, “आधी दारू सोडून ये.” दुसऱ्या दारावर सांगितले जाते, “हे मनाचे दुखणे आहे, आमच्याकडे त्याची सोय नाही.” या दोन्ही दुखण्यांवर एकत्र उपचार व्हावेत, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. ते का, आणि त्याच्या आड आपली भाषा कोठे येते, हे समजून घेणे हा या घटकाचा विषय आहे. आपल्यापैकी अनेकजण शिक्षक, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी किंवा शेतकरी कुटुंबांतील कर्ती माणसे आहात. त्यामुळे हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ ‘व्यसन’ या शब्दाचा प्रवास

‘व्यसन’ हा शब्द संस्कृतातून मराठीत आला. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘अस्’ म्हणजे फेकणे हा धातू, यांपासून तो सिद्ध होतो. संस्कृतात या शब्दाचे दोन ठळक अर्थ आहेत : एक, संकट किंवा आपत्ती, आणि दुसरा, घातक आसक्ती. कौटिलीय अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे. तेथे राजा, अमात्य, कोश, सैन्य इत्यादी राज्याच्या अंगांवर येणाऱ्या आपत्तींना ‘व्यसन’ म्हटले आहे, आणि त्याच अधिकरणात मद्य, द्यूत यांसारख्या पुरुषव्यसनांचाही विचार केला आहे. माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकून देते ते व्यसन, असा त्यामागील आशय आहे. मनुस्मृतीत अठरा व्यसने सांगितली आहेत. त्यांपैकी दहा कामापासून आणि आठ क्रोधापासून उत्पन्न होणारी मानली आहेत. त्या वर्गीकरणातील नीतिविचार आज आपण स्वीकारू वा न स्वीकारू. पण व्यसनाचे मूळ मनाच्या अवस्थेत शोधण्याची दृष्टी तेथे आहे, एवढे निश्चित.

आजच्या मराठीत यांपैकी ‘आपत्ती’ हा अर्थ लोप पावला आणि ‘वाईट सवय’ एवढाच अर्थ उरला. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण होय. या संकोचाची सामाजिक किंमत मोठी आहे. आपत्तीत सापडलेल्या माणसाच्या मदतीला आपण धावतो. वाईट सवय लागलेल्या माणसाला मात्र आपण उपदेश करतो, आणि उपदेश वाया गेला की त्याला टाकतो.

‘वेड’ या शब्दाची गती निराळी आहे. “त्याला नाटकाचे वेड आहे” आणि “त्याला वाचनाचे व्यसन आहे” ही दोन्ही वाक्ये आपण कौतुकाने उच्चारतो. येथे वेड आणि व्यसन हे शब्द जवळजवळ समानार्थी होतात. मनाची एखाद्या गोष्टीवरची न आवरणारी ओढ दोन्ही सुचवतात. म्हणजे कौतुक करताना या दोन अवस्थांची जवळीक आपल्या भाषेला जाणवते. दुखण्याविषयी बोलताना मात्र तीच भाषा त्यांना दूर नेऊन ठेवते : एकाला दुर्गुण ठरवते, दुसऱ्याला दुर्दैव.

४.३.२ वाक्यरचना आणि दोषारोप

शब्दांप्रमाणे वाक्यरचनाही दृष्टिकोन प्रकट करते. पुढील वाक्ये पाहा :

(अ) त्याला ताप आला.
(आ) तिला उदास वाटते.
(इ) त्याला झोप येत नाही.
(ई) तो दारू पितो.
(उ) तो सुधारतच नाही.

पहिल्या तीन वाक्यांत माणूस ‘ला’ या प्रत्ययाने येतो. तो काही करीत नाही. त्याला काही होते. मराठीत भूक, तहान, वेदना, भीती, आठवण असे अनुभव बहुधा याच रचनेतून व्यक्त होतात. शेवटच्या दोन वाक्यांत मात्र तो प्रथमेत आहे, क्रियेचा कर्ता आहे आणि म्हणून तिला जबाबदार आहे. उदासीला सहानुभूती आणि पिण्याला दोष, हा भेद असा व्याकरणातच रुजलेला दिसतो.

परंतु याच भाषेत आणखी एक वाक्य आहे : “त्याला दारू लागते.” सुरुवातीला माणूस दारू ‘पितो’, काही वर्षांनी त्याला ती ‘लागते’. ‘पिणे’ ते ‘लागणे’ या प्रवासात कर्ता हळूहळू अनुभव सोसणारा होतो. व्यसनाधीनतेचे वैद्यकीय वर्णनही याहून फार वेगळे नाही : इच्छेने सुरू झालेली कृती मेंदूतील बदलांमुळे शरीराची व मनाची गरज बनते. वऱ्हाडी बोलीत एखादा गृहस्थ म्हणतो, “मले रातीले झोप येत नाई, म्हून दोन घोट लागते.” या एका वाक्यात दोन्ही दुखणी आहेत, दोन्ही ‘मले’ या एकाच शब्दाला बांधलेली आहेत आणि ‘म्हून’ या अव्ययाने त्यांचा संबंधही सांगितला आहे. ऐकणारा मात्र बहुधा वाक्याचा उत्तरार्धच ऐकतो.

आपली प्रगती तपासा – १
योग्य पर्याय निवडा.
१. ‘व्यसन’ या शब्दाच्या मराठीतील प्रवासात (अर्थविस्तार / अर्थसंकोच) झाला आहे.
२. “त्याला दारू लागते” या वाक्यात व्यक्ती (प्रथमेत / ‘ला’ प्रत्ययासह) आली आहे.

४.३.३ परस्परांची वाट पाहणारी दोन वाक्ये

दुहेरी दुखणे असलेल्या माणसाच्या घरी दोन सशर्त वाक्ये वारंवार ऐकू येतात.

पहिले : “दारू सुटली, की मन थाऱ्यावर येईल.”
दुसरे : “मन थाऱ्यावर आले, की दारू सुटेल.”

ही दोन्ही वाक्ये सुटी घेतली तर समंजस वाटतात. एकत्र ठेवली तर मात्र त्यांतील अडचण उघड होते. पहिल्या वाक्याची अट दुसऱ्याच्या फलितावर आणि दुसऱ्याची अट पहिल्याच्या फलितावर अवलंबून आहे. दोन्ही एकमेकांची वाट पाहत थांबली आहेत, आणि मधल्या काळात रुग्ण खचत चालला आहे.

हे एका कल्पित उदाहरणाने समजून घेऊ. मालेगाव तालुक्यातील एका गावात चाळिशीचा एक शेतकरी आहे. सलग दोन हंगाम सोयाबीन हातचे गेल्यानंतर त्याची झोप उडते, जेवण तुटते, तो माणसांत मिसळेनासा होतो. झोपेसाठी तो रात्री पिऊ लागतो, पुढे सकाळीही पितो. पत्नी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेते. तेथे काही आठवड्यांत दारू सुटते. पण उदासीकडे कोणी पाहत नाही. घरी परतल्यावर झोप नाही ती नाहीच, आणि महिन्याभरात तो पुन्हा पितो. गाव म्हणते, “सुधरत नाई हा.” पुढे कोणी सुचवल्यावरून तो मनोविकारतज्ज्ञाकडे जातो. दारूविषयी तेथे कोणी विचारत नाही आणि लाजेमुळे तोही सांगत नाही. उदासीवरील गोळ्या आणि दारू ही दोन्ही एकत्र चालू राहतात. गुण येत नाही. उलट, झोपेच्या काही गोळ्या आणि दारू एकत्र आल्याने श्वसन मंदावण्याचा धोका निर्माण होतो. या कथेत कोणीही दुष्ट नाही. पत्नीने, केंद्राने, डॉक्टरांनी आपापले काम केले. उणीव एवढीच, की दोन्ही वाक्ये एकदम ऐकणारे तेथे कोणी नव्हते.

४.३.४ ही दुखणी एकमेकांत का गुंततात?

दोन्ही दुखणी एकत्र आढळणे हा योगायोग नाही. अमेरिकेत सुमारे २०,००० व्यक्तींच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. मद्यपानाचा विकार असलेल्यांपैकी ३७ टक्के, तर अन्य मादक पदार्थांचा विकार असलेल्यांपैकी ५३ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी एखादा मनोविकारही झाल्याचे त्यात आढळले. यामागील कारणे सामान्यतः चार प्रकारे सांगितली जातात.

एक, मनाच्या त्रासावर उतारा म्हणून नशा. चिंता, उदासी, भयावह आठवणी किंवा कानात ऐकू येणारे आवाज दाबण्यासाठी माणूस नशेचा आधार घेतो. क्षणिक आराम मिळतो; मूळ त्रास वाढतो.

दोन, नशेमुळे उद्भवणारा मनोविकार. दीर्घकाळच्या मद्यपानाने उदासी येते. गांजाच्या दैनंदिन व अतिरेकी सेवनाने चित्तभ्रमाचा धोका वाढतो.

तीन, समान मुळे. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, कर्ज, बेकारी, एकाकीपणा ही कारणे दोन्ही दुखण्यांना खतपाणी घालतात.

चार, परस्परपोषण. सुरुवात कोठूनही होवो, काही काळानंतर दोन्ही दुखणी एकमेकांना जगवतात. अशा वेळी “आधी कोणते?” या प्रश्नाचे उत्तर निदानाला उपयोगी असले, तरी उपचार थांबवून ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

येथे एक वैद्यकीय बारकावा लक्षात घेतला पाहिजे. मद्यामुळे आलेली उदासी पिणे थांबल्यावर बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागते. ती टिकून राहिली तर ते स्वतंत्र दुखणे असण्याची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टर काही काळ निरीक्षण करतात. परंतु निरीक्षण करणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. आत्महत्येचे विचार, भ्रम, किंवा पिण्याच्या आधीपासूनची उदासी असेल, तर मनोविकारावरील उपचार तात्काळ सुरू करावे लागतात.

दुसरा बारकावा दारू अचानक बंद करण्यासंबंधी आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, झटके, आणि काहींच्या बाबतीत नसलेले किडे-माणसे दिसणे, स्थळकाळाचे भान सुटणे असे प्रकार घडतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. गावात तिला ‘बाहेरची बाधा’ किंवा ‘वेड लागले’ असे समजून वेळ दवडला जातो. वस्तुतः तिला तातडीचे रुग्णालयीन उपचार हवे असतात; त्यांत झटके रोखणारी औषधे व ‘ब१’ जीवनसत्त्वाचा समावेश असतो. त्याचप्रमाणे “रुग्णाच्या नकळत जेवणातून द्या” अशा जाहिरातींच्या औषधांपासून सावध राहिले पाहिजे. डिसल्फिरामसारखे औषध घेतलेल्या माणसाने त्यावर दारू प्यायल्यास गंभीर प्रतिक्रिया येते, शिवाय चित्तभ्रमाचा विकार त्या औषधाने बळावू शकतो. ते रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिले जाते.

४.३.५ उपचाराच्या तीन पद्धती

(१) क्रमवार पद्धती : आधी एक दुखणे, ते बरे झाल्यावर दुसरे. वर पाहिलेली दोन सशर्त वाक्ये ही याच पद्धतीची बोली भाषेतील रूपे होत.

(२) समांतर पद्धती : दोन्ही उपचार एकाच वेळी, परंतु दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या पथकांकडून. येथे प्रतीक्षा टळते. पण दोन्हींकडील सल्ल्यांचा मेळ घालण्याचे काम रुग्णावर पडते, आणि नेमके तेच करण्याची शक्ती त्याच्यापाशी नसते.

(३) एकात्मिक पद्धती : एकच पथक, एकच नोंदपत्र, एकच आराखडा. मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक, परिचारिका व समाजकार्यकर्ता हे दोन्ही दुखण्यांचा एकत्र विचार करतात. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ येथील रॉबर्ट ड्रेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती विकसित केली. तिच्यात उपचारांचे टप्पे मानले जातात : प्रथम रुग्णाशी नाते जोडणे, नंतर बदलाची इच्छा जागवणे, त्यानंतर प्रत्यक्ष उपचार, आणि शेवटी घसरण टाळणे. जो अजून नाते जोडण्याच्या टप्प्यावर आहे त्याच्याकडून पहिल्याच दिवशी दारूबंदीची शपथ मागितली जात नाही. घसरण झाली म्हणून त्याला केंद्राबाहेर काढलेही जात नाही.

अर्थात, एकात्मिक पद्धती म्हणजे रामबाण नव्हे. सर्वच अभ्यासांत तिचा लाभ सारखा ठळकपणे दिसलेला नाही. उपचारही महिने-वर्षे चालतात. तिची बाजू भक्कम होते ती मुख्यतः एका साध्या कारणाने : तिच्यात रुग्ण दोन दारांच्या मध्ये हरवत नाही.

४.३.६ महाराष्ट्र आणि गोवा येथील अनुभव

मराठी वाचकाला डॉ. अनिल अवचट यांचे नाव परिचित आहे. ब्राउन शुगर अर्थात गर्दच्या विळख्यावर त्यांनी १९८०च्या दशकात केलेले लेखन गाजले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात काम करीत होत्या. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, ते याच मनोरुग्णालयाच्या आवारात. व्यसनमुक्तीचे काम मनोविकारतज्ज्ञाच्या हातून, मनोरुग्णालयाच्या छायेत सुरू व्हावे, ही घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तेथे आलेल्यांना ‘दारुडे’ न म्हणता ‘रुग्णमित्र’ म्हणण्याची पद्धत रुजली. या एका शब्दात ‘रुग्ण’ने दुखणे मान्य केले आहे आणि ‘मित्र’ने माणूस राखला आहे.

गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने वेगळ्या अंगाने काम केले. तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे हे गृहीत धरून तिने स्थानिक, वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि त्यांना गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. तेथे तीव्र उदासी असलेल्यांसाठी सहा ते आठ बैठकांचा आणि घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार बैठकांचा कार्यक्रम तपासण्यात आला. तीन महिन्यांनंतर उदासी ओसरलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के, तर न मिळालेल्या गटात ३९ टक्के होते. घातक मद्यपानातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३६ व २६ टक्के होते. हे दोन स्वतंत्र अभ्यास होते. परंतु दोन्ही सेवा गावाजवळच्या एकाच दारावर, सामान्य माणसाच्या बोलीत देता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

विदर्भातही याच विचाराचा एक प्रयोग झाला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मानसिक आरोग्याविषयी संवाद साधला. उदासीने ग्रस्त व्यक्तींपैकी उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. या कार्यक्रमाच्या नावात ‘ताण’ या अर्थाचा शब्द आहे, ‘मनोविकार’ हा शब्द नाही. ज्या शब्दाची लाज वाटत नाही, त्या शब्दापासून संवाद सुरू करावा, हे भाषाभ्यासकाला विचार करावयास लावणारे सूत्र आहे.

४.३.७ कायद्याची भाषा

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ पासून अमलात आहे. त्यातील ‘मानसिक आजार’ या संज्ञेच्या व्याख्येत मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश केलेला आहे. जी दोन दुखणी आपल्या बोलण्यात वेगळी राहिली, ती कायद्याने एका व्याख्येत आणली. याच कायद्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, मानले जाते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते.

प्रशासनाची घडी मात्र अजून बरीचशी जुनीच आहे. मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आरोग्य खात्याकडे, तर व्यसनमुक्तीची केंद्रे व प्रचार मुख्यतः सामाजिक न्याय खात्याकडे. दोन खाती, दोन नोंदवह्या, आणि रुग्ण एकच.

आपली प्रगती तपासा – २
एका वाक्यात उत्तर लिहा.
१. एकात्मिक उपचारपद्धती म्हणजे काय?
२. ‘मुक्तांगण’ कोणत्या रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले?

४.३.८ वाशीम जिल्ह्याचा संदर्भ

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. येथील शेती बहुतांशी कोरडवाहू असून सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. पाऊस आणि बाजारभाव या दोन्हींच्या लहरीवर घरचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वाशीमचा समावेश होता. राज्याच्या आरोग्य विभागाचा ‘प्रेरणा’ हा शेतकरी समुपदेशन प्रकल्पही आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीच आखलेला आहे.

आत्महत्येनंतरच्या चर्चेत एक द्वंद्व नेहमी उभे राहते : “कर्जामुळे गेला” की “दारूमुळे गेला”? पहिले उत्तर माणसाला निर्दोष ठरवते, दुसरे दोषी. आणि कित्येकदा कुटुंबाच्या मदतीचा प्रश्नही त्या एका शब्दावर येऊन ठेपतो. कर्ज, उदासी आणि दारू हे तीन धागे एकाच दोरात पिळलेले असू शकतात, ही शक्यता या द्वंद्वात हरवते. दोर तुटण्यापूर्वी ते तिन्ही धागे ओळखणे हाच खरा उपाय होय.

उपचारांची साधने कोणती? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला आणि १९९६ पासून त्याअंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला जाऊ लागला. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक व समाजकार्यकर्ता यांचे पथक असावे, ही त्यातील कल्पना आहे. २०२४ साली वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाही आरंभ झाला. एरवी राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये नागपूर, पुणे, ठाणे व रत्नागिरी येथे आहेत. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील मजुराला नागपूरदेखील दूरच. म्हणून दोन्ही दुखण्यांची विचारपूस गावाजवळच होणे येथे अधिक निकडीचे ठरते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांची पाहणी झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु मद्यपानाचा विकार असलेल्या दर शंभरांतील सुमारे ८६ जणांना उपचार मिळत नाहीत, हा त्यातील निष्कर्ष आपल्यालाही अंतर्मुख करणारा आहे.

येथे बोलीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. जिल्ह्यात घरोघरी वऱ्हाडी बोलली जाते. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. “आपणांस नैराश्य जाणवते काय?” या प्रमाणभाषेतील प्रश्नाला “नाही” असे उत्तर येते. “करमते का? जीव लागते का कशात?” असे विचारले, तर तोच माणूस बोलू लागतो. नैराश्य हा त्याच्या अनुभवाचा शब्द नाही. करमत नसणे हा आहे.

४.३.९ उपकारक भाषा

आतापर्यंतच्या विवेचनातून व्यवहारात उतरवता येतील असे काही संकेत हाती येतात.

पहिला, नामापेक्षा वर्णन बरे. ‘दारुडा’, ‘नशेबाज’, ‘गंजेडी’, ‘वेडा’ ही नामे माणसाला त्याच्या दुखण्याएवढे लहान करतात. ‘व्यसनी’ हा शब्द घडणीने ‘मधुमेही’सारखाच आहे, पण समाजाने त्यात तिरस्कार भरला आहे. त्याऐवजी “त्यांना दारूचा त्रास आहे” असे म्हणता येते. या रचनेत माणूस ‘ना’ प्रत्ययासह येतो, आणि दारू हे दुखणे म्हणून समोर येते.

दुसरा, प्रश्न जोडीने विचारावेत. दारूचा विषय निघाला की झोप, भूक, भीती, मरणाचे विचार यांविषयी विचारावे. उदासीचा विषय निघाला की दारू, गांजा, विडी, खर्रा आणि झोपेच्या गोळ्या यांविषयी विचारावे. विडी-सिगारेटच्या धुरामुळेही काही मनोविकारविरोधी औषधांचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांनाही उपयोगी असतो. “भाऊ, झोपीसाठी काही घ्यावं लागते का?” या प्रश्नात आरोप नाही, विचारपूस आहे.

तिसरा, मरणाविषयी स्पष्ट विचारण्यास भिऊ नये. “जीव द्यावासा वाटते का?” असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. व्यसनमुक्तीविषयक मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

चौथा, सशर्त वाक्याऐवजी संयुक्त वाक्य वापरावे. “दारू सुटली, की मन सुधारेल” याऐवजी “दारूवरही उपचार करू आणि झोपेवरही” असे म्हणावे. ‘की’च्या जागी ‘आणि’ आले, एवढाच व्याकरणिक बदल. परंतु त्याने प्रतीक्षा संपते आणि उपचार सुरू होतात.

४.४ सारांश

व्यसन आणि मनोविकार ही दुखणी अनेकदा एकाच व्यक्तीत, परस्परांना पोसत नांदतात. ‘व्यसन’ या शब्दातील ‘आपत्ती’ हा अर्थ मराठीत लोपला आणि दोषाचा अर्थ उरला. वाक्यरचनेनेही पिणाऱ्याला कर्ता व उदास व्यक्तीला सोसणारा ठरवले. “आधी हे, मग ते” या क्रमवार विचारात दोन्ही उपचार एकमेकांची वाट पाहत राहतात. एकात्मिक पद्धती ही कोंडी फोडते. मुक्तांगणची स्थापना, गोवा व अमरावती येथील प्रयोग आणि २०१७चा कायदा या सर्वांतून हीच दिशा सूचित होते. वाशीमसारख्या जिल्ह्यात तज्ज्ञ दूर असले, तरी दोन्ही प्रश्न एकत्र विचारणारा माणूस गावात असू शकतो. तो माणूस होण्यासाठी लागणारे पहिले साधन भाषा हे होय, आणि भाषेचे विद्यार्थी म्हणून ते आपल्यापाशी आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

अर्थसंकोच : शब्दाच्या मूळ व्यापक अर्थाचा काही भाग लोप पावणे.
दुहेरी निदान : एकाच व्यक्तीत व्यसनाधीनता व मनोविकार या दोन्हींचे निदान होणे.
घसरण : व्यसन सुटल्यानंतर काही काळाने पुन्हा सेवन होणे, उपचारातील अपेक्षित टप्पा, अपयश नव्हे.
सशर्त वाक्य : ज्यात एका क्रियेचे घडणे दुसरीवर अवलंबून असते असे वाक्य.
समुपदेशन : प्रशिक्षित व्यक्तीने संवादाद्वारे केलेले मानसिक साहाय्य.

४.६ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

१ : (१) अर्थसंकोच (२) ‘ला’ प्रत्ययासह
२ : (१) एकाच पथकाने एका आराखड्यानुसार दोन्ही दुखण्यांवर एकत्र केलेला उपचार म्हणजे एकात्मिक उपचारपद्धती. (२) ‘मुक्तांगण’ पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. ‘व्यसन’ व ‘वेड’ या शब्दांच्या अर्थच्छटांचा सामाजिक दृष्टिकोनाशी असलेला संबंध सोदाहरण स्पष्ट करा.
२. क्रमवार, समांतर व एकात्मिक उपचारपद्धतींची तुलना करून आपले मत मांडा.

(आ) टिपा लिहा
१. ‘पितो’ ते ‘लागते’ २. ‘रुग्णमित्र’ ही संज्ञा ३. कायद्यातील ‘मानसिक आजारा’ची व्याख्या

(इ) क्षेत्रीय कार्य
१. आपल्या परिसरातील बोलीत उदासी, चिंता व निद्रानाश व्यक्त करणारे किमान वीस शब्दप्रयोग जमवा. प्रत्येकाची वाक्यरचना नोंदवा. कोणाचेही नाव किंवा ओळख पटेल असा तपशील नोंदवू नका.
२. आपल्या तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती या सेवा कोणत्या वारी, कोठे मिळतात याची माहिती घ्या आणि ती गावच्या फलकावर लावता येईल अशा सोप्या मराठीत, एकाच सूचनापत्रात लिहा.